प्रसन्न वही

दैगू, ९ नोव्हेंबर १९८२

मालसून मावशी,

हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. आणि उत्तरात यातल्या एका शब्दाचाही उल्लेख करू नकोस. तुझं पत्र आलं की आधी सासूबाई उघडतात, वाचतात, त्यात वाईट बातमी नाही अशी खात्री झाली की मगच माझ्या हातात देतात. माझी पत्रं मात्र त्यांच्या हाती लागत नाहीत. दवाखान्याच्या वाटेवर टपालपेटी आहे, तिथे मी गुपचूप टाकते.

मी आनंदात आहे. म्हणजे असायलाच हवं, तसा हुकूम आहे. चौथा महिना संपत आलाय. सकाळी उठले की समोर भिंतीवर दूधपावडरच्या कॅलेंडरवरचं गुबगुबीत बाळ. त्याच्याकडे दहा मिनिटं बघायचं, म्हणजे आपलं तसं होतं. त्या बाळाचे गाल बघून आता मला मळमळतं गं. मग तबकडी लावायची, तीच ती झिथर या तंतुवाद्याची. चटईच्या कोपऱ्यावर बसायचं नाही. मोडक्या कडेचं टोफू खायचं नाही. खेकडा नाही, बदक नाही (मुलाची बोटं जोडलेली निघतात म्हणे), कोंबडी नाही. मूल चिडकं होतं म्हणून तिखट नाही. अगं, तिखट नसलेली किमची म्हणजे मिठात भिजवलेला कोबी! परवा गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात हिवाळ्याची किमची घालायला बसल्या होत्या. हसणं-खिदळणं, एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल चालली होती. मी आपली आत काचेमागे, हातात भरतकाम. सासूबाई मधूनच खिडकीत येऊन बघायच्या की माझा चेहरा हसरा आहे का.

आणि वही! तुला माहीतच आहे, त्या तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. शाळा सुटली पण सवय सुटली नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी मी वहीत तीन प्रसन्न विचार लिहायचे. मग त्या चष्मा लावून ते मोठ्याने वाचतात आणि पसंत पडले तर खाली लाल शिक्का मारतात. फुलाच्या आत 'फार छान केलंस'. सोमवारी मी लिहिलं, 'आज आभाळ निळं होतं.' शिक्का. मंगळवारी परत तेच लिहिलं. "मन लावून लिहिलेलं नाही," म्हणाल्या. शिक्का नाही. मावशी, एकतीस वर्षांची घोडी मी, आणि शिक्का मिळाला नाही म्हणून मला वाईट वाटलं! कपाळ माझं!

हे तिकडे सौदीच्या वाळवंटात रस्ते बांधताहेत. दर पत्रात एकच ओळ, 'आईचं ऐक, आनंदात राहा.' एवढ्या लांब जाऊन माणूस एवढंच शिकला.

दोन वर्षांपूर्वीचं कोणी बोलत नाही. आई गेली, तुझी तार आली, तेव्हा मला पाचवा होता. गरोदर बाईने मयताच्या घरी पाऊल ठेवायचं नाही, म्हणून सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मी त्यांना बाजूला सारून गेले. तीन दिवस रडले. परत आले, आणि चौथ्या दिवशी मूल गेलं. तेव्हापासून त्या एका शब्दाने मला बोललेल्या नाहीत. नुसत्या म्हणतात, "तुझ्या आईकडे बघ. नवरा लढाईत पडला, तरी बातमी तिच्यापर्यंत पोचू दिली नाही. नऊ महिने हसत राहिली, म्हणून तू धडधाकट झालीस." हे दिवसातून दोनदा.

आई खरंच एवढी हसायची? मला तर तिचा हसरा चेहरा आठवतच नाही.

तुझी मिरान


किजांग, २० नोव्हेंबर १९८२

चि. मिरान,

पत्र मिळालं. तू सुखात आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. विहीणबाई तुझी एवढी काळजी घेतात, नशीब काढलंस पोरी.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते ज्या कोणाला वाचावं लागेल त्याची आधीच माफी मागते.

इथे सगळं बरं आहे. पाणी गार झालंय, तरी परवा बुडी मारली आणि शंखांची एक टोपली काढली. गुडघे कुरकुरतात. मी त्यांना म्हणते, तुमच्यापेक्षा माझी सासू जास्त कुरकुरायची, तिला ऐकून घेतलं तर तुम्ही कोण? शेजारच्या बोंगन्येने नवा दात बसवलाय, सोन्याचा. आता ती विनाकारण हसते.

तुझी आई पोटुशी असताना फार शांत होती. संध्याकाळी देवदारांखाली बसून गाणी म्हणायची. तूही गात जा. वाकडा विचार मनात आणू नकोस. हसत राहा. नीट जेव.

तुझी मावशी


दैगू, १२ डिसेंबर १९८२

मावशी,

तू पण?

मला वाटलं होतं, सासूबाई वाचणार म्हणून तू वरवरचं लिहिशील, पण कुठेतरी एखादी ओळ माझ्यासाठी असेल. मी ते पत्र तीन वेळा वाचलं. उजेडासमोर धरून बघितलं! काही नाही. देवदार, गाणी, हसत राहा. सासूबाईंना तर इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत चिकटवलं आणि खाली शिक्का मारला. अभिनंदन. तुला 'फार छान केलंस' मिळालंय.

आता नीट ऐक. पाचवा सरत आलाय आणि माझं वजन वाढायच्या ऐवजी दोन किलो उतरलंय. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि वर म्हणाले काय, तर "मन प्रसन्न ठेवा." कुठे मिळतं ते? बाजारात असेल तर सांगा, घेऊन येते. घास घशाखाली उतरत नाही. रडू आलं की आधी धस्स होतं, की आता हे मूल पण जाणार. त्या भीतीने आणखी रडू येतं. मग मी गच्चीवर सोया मुरवायच्या मोठमोठ्या बरण्यांमागे जाऊन बसते आणि तोंडात टॉवेल कोंबते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि खाली आले की वहीत लिहायचं, 'आज बरण्यांवर चिमण्या आल्या होत्या, मन आनंदलं.'

अकरा दिवसांनी आईचं श्राद्ध. यायचं नाव काढलं तर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या कानांवर नव्हे, माझ्या पोटावर! पोटाला कान असतात म्हणे.

मला आईचा राग येतो, मावशी. मेलेल्या आईचा. ती एवढं मोठं दुःख उंबऱ्याबाहेर असताना गात बसली आणि मी वाचले. मी साधी तीन दिवस गप्प बसू शकले नाही आणि माझं मूल गेलं. गणित सरळ आहे. मीच मारलं त्याला. कोणी बोलत नाही, पण या घरातली भांडीसुद्धा तेच म्हणतात.

हे पण गेलं तर मी काही मागे राहणार नाही. हे मी रागाने लिहीत नाहीये.

मिरान


किजांग, २४ डिसेंबर १९८२

मिरान, आणि विहीणबाई,

हो, दोघींना लिहितेय. विहीणबाई, हे पत्र तुम्ही आधी उघडणार हे मला ठाऊक आहे. उघडा. पण वाचून झालं की मिरानला द्या, हात जोडते. पोरीने मला मनातलं लिहिलंय. त्याबद्दल कोणाला बोलायचं असेल तर मला बोला, माझी कातडी खाऱ्या पाण्यात जाड झालीय.

काल ताईचं श्राद्ध केलं. तिच्या फोटोसमोर भात ठेवला आणि मला मान वर करवेना. कारण मी तिच्या नावावर आठ वर्षं एक थाप खपवतेय.

विहीणबाई, दैगूच्या त्या हॉटेलात सोयरीक ठरवायला बसलो होतो, ताईच्या वतीने मीच बोलत होते. तुम्ही विचारलंत, "मुलगी पोटात असताना बाप गेला ना? मग आईच्या मनाची अवस्था कशी होती?" मला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. रडक्या पोटचं पोर रडकंच निघतं, बिनबापाची आणि वर अपशकुनी. पोरीचं लग्न मोडेल म्हणून माझ्या जिभेला जे सुचलं ते मी ठोकून दिलं. मरणाची चिठ्ठी आम्ही लपवली, ताई नऊ महिने हसत होती, देवदारांखाली गात होती. अहो, आमच्या गावात देवदार आहेत कुठे! नुसते खडक आहेत.

आता खरं ऐका. सन पन्नासचा नोव्हेंबर, उत्तर-दक्षिण कोरियाची लढाई चाललेली. गाव निर्वासितांनी भरलेलं, आमच्या जाळ्यांच्या खोपटात अकरा माणसं झोपायची. गावचा कारकून चिठ्ठी घेऊन आला. ताई दारातच होती. चिठ्ठी तिनेच घेतली, तिनेच वाचली. ताईला पाचवा होता. पाचवा, मिरान. तिने हातातलं पितळेचं भांडं, सातूच्या भातासकट, त्या कारकुनाच्या कपाळावर हाणलं. मग खडकावर जाऊन समुद्राला, सरकारला, दोन्हीकडच्या सैनिकांना, देवाला अशा शिव्या घातल्या की म्हातारे कोळी घरात गेले. महिनाभर ती रडत होती. रडणं थांबलं की भांडायची. माझ्याशी, आमच्या आईशी, निर्वासितांशी. भर थंडीत बुड्या मारायची. खेकडे मिळाले, खेकडे खाल्ले. अमेरिकन छावणीतून कोणीतरी बदक पळवून आणलं होतं, त्याचे दोन्ही पाय तिने खाल्ले. मिरान, बघ तुझी बोटं. जोडलेली आहेत का?

आणि मार्चमध्ये तू झालीस. साडेतीन किलो. अशी किंचाळलीस की सुईण म्हणाली, हिच्या आईची पोरगी खरी.

तुझ्या आईला कोणी 'रडू नकोस' म्हटलं नाही. म्हणायला कोणाला वेळच नव्हता.

तुझं मूल का गेलं ते मला माहीत नाही. माझीही दोन गेली, तेव्हा तर मी हसतखेळत होते. तार मी पाठवली होती. मुलीने आईला पोचवायला यायला हवं असं मला वाटलं, आजही वाटतं. चूक असेल तर माझी. पण तुझ्या आसवांना एवढी ताकद नाही गं पोरी, की ती कोणाचा जीव घेतील.

विहीणबाई, थापाडी मी आहे. पोरीला त्याची शिक्षा नको.

मालसून


किजांग, २२ जानेवारी १९८३

मिरान,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. टपालवाल्याला रोज विचारते. तो आता मला बघून सायकल वळवतो. पोचलं का माझं पत्र? की विहीणबाईंनी चुलीत घातलं? घातलं असेल तर मी परत लिहीन. आणि परत. माझ्याकडे हिवाळाभर दुसरं काम नाही. त्यांना म्हणावं, कोळसा पुरणार नाही इतकी पत्रं येतील.

जेवतेस का? एवढं तरी कळव.

मावशी


दैगू, ४ फेब्रुवारी १९८३

मावशी,

पत्र पोचलं होतं. सासूबाईंनी पाच आठवडे दाबून ठेवलं, आपल्या उशीखाली. मागून आलेलं तुझं जानेवारीचंही तिथेच. त्या पाच आठवड्यांत त्या माझ्याशी धड बोलत नव्हत्या, वही मात्र रोज मागायच्या. मला वाटलं तू रागावलीस. मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगत नाही.

परवा मी बरण्यांमागे बसले होते, टॉवेल तोंडात. मागे वळून बघते तर सासूबाई. गुडघेदुखीमुळे त्या गच्चीवर कधी चढत नाहीत.  त्यांनी टॉवेल माझ्या तोंडातून काढला, दोन्ही पत्रं माझ्या मांडीवर टाकली आणि खाली निघून गेल्या.

मी तिथेच थंडीत वाचली. भांड्याच्या जागी आले तेव्हा हसू फुटलं, आणि हसता हसता इतकी रडले की पोटातल्याने लाथ मारली. चांगली जोरात. मी आधी घाबरले. मग म्हटलं, मार बाबा.

आईचा राग गेला माझा. आता ती मला दिसते तरी. देवदारांखालची ती बाई कोण होती देव जाणे!

पण तुला वाटत असेल सासूबाई विरघळल्या, तर तसं काही नाही. रात्री जेवताना म्हणाल्या, "थाप मारून सोयरीक केली, हे बरोबर नाही." मी म्हटलं, "नाही." काल मला घेऊन दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांना वर्गातल्या पोराला विचारावं तसं विचारलं, "रडल्याने मूल जातं का? हो की नाही एवढंच सांगा." डॉक्टर म्हणाले, "नाही. बऱ्याचदा कारण सापडतच नाही." त्या म्हणाल्या, "मग हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाहीत."

वाटेत बसथांब्यावर त्या एकदम म्हणाल्या, "कोणाचीच चूक नसेल तर मी चिडू कोणावर?"  मलाही तेच विचारायचं होतं.

संध्याकाळी वही समोर आलीच. मी लिहिलं, 'आज आईसाठी रडले. भूक लागली. दोन वाट्या भात खाल्ला.' त्यांनी मोठ्याने वाचलं. शिक्का उचलला, बराच वेळ हातात धरला, परत डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "तिसऱ्या वाक्यात भाताबरोबर काय खाल्लं ते नाही."

किमची, मावशी. तिखट. चोरून खाल्ली होती, तेही लिहून टाकलं.

मिरान


किजांग, १४ एप्रिल १९८३

मिरान,

सुखरूप पोचले. तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. बाईचं पोट बघितलं की समाधान होतं, पण तुझे पाय सुजलेत, उंच ठेवून निज.

तुमच्याकडे येताना काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. तुझ्या बाळंतपणातल्या कढणासाठी या वर्षीचं पहिलं समुद्रशेवाळ मी स्वतः खडकावरून कापलं, पुरुषभर लांब वाळवलं. बाळंतिणीचं शेवाळ मोडायचं नाही, दुमडायचं नाही, नाहीतर बाळ अडतं. पुसानला बसमध्ये चढले तर कंडक्टर पोरगी म्हणते, "आजी, हे दुमडा नाहीतर उतरा." मी म्हटलं, "तुझ्या आईने तुझ्या वेळी दुमडलं होतं वाटतं, म्हणून अशी वाकडी झालीस." सगळी बस हसली. मग तिनेच ते छतालगत दोरीने बांधून दिलं. हो, मलाही कळतं, आसवांना ताकद नाही म्हणणारी बाई शेवाळाला घाबरते. राहू दे. सगळेच नियम एकदम टाकता येत नाहीत.

तुमच्या घरी आले तर विहीणबाई दारात. मी मान खाली घातली. त्यांनी शेवाळाकडे बघितलं, घरात बघितलं. एवढी लांब भिंत एकच, कॅलेंडरवाली. त्यांनी ते बाळ खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं, कपाटामागे टाकलं आणि तिथे शेवाळ टांगलं.

तू झोपल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने खरंच भांडं फेकलं?" मी म्हटलं, "पितळेचं." "लागलं?" "तीन टाके." त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, "मी दारात आडवी उभी राहिले होते."   मी त्यांचा लसूण सोलून दिला.

मावशी


दैगू, ३ मे १९८३

मावशी,

तार मिळालीच असेल. मुलगी. तीन किलो दोनशे. बाळ अडलं नाही, तुझ्या कंडक्टर पोरीला सांग.

सासूबाईंनी शेवाळ भिजवलं, कढण केलं. पहिली वाटी जन्म देणाऱ्या आजीदेवीपुढे ठेवली. दुसरी तुझ्या ताईच्या नावाने ठेवली, हे त्यांना कोणी सुचवलं नव्हतं. तिसरी घेऊन त्या दवाखान्यात आल्या.

मी पहिला घोट घेतला. त्यात समुद्र होता गं. आपल्या घराचा वास. आई एकदम समोर आली, आणि ते दुसरंही, जे आलंच नाही, ज्याला मी आजवर मनातसुद्धा नाव दिलं नव्हतं. मी चमचा खाली ठेवला आणि मोठ्याने रडायला लागले. टॉवेल नव्हताच जवळ. मला ऐकून पोरगी जागी झाली, तीही सुरू. नर्स धावत आली, "अहो, बाळंतिणीने रडायचं नसतं! डोळे जातील, दूध आटेल. हसा बघू, छान बाळ झालंय, हसा!"

सासूबाईंनी तिला खांद्याला धरून दारापर्यंत नेलं. त्यांचा तो वर्गातला आवाज तुला माहीत आहे, सगळ्या मजल्याने ऐकला असेल.

"रडू दे तिला," म्हणाल्या. "दोन वर्षं मी थांबवून ठेवलंय."

मग त्या दार लावून आत आल्या आणि माझ्याजवळ पलंगावर बसल्या, अगदी कोपऱ्यावर. कढण गार झालं होतं, ते त्यांनी खाली जाऊन परत गरम करून आणलं.

तुझी मिरान